फोन उघडा, सर गैरहजर

आमच्या शाळेत सगळ्यात आधी येणारे मास्तर सरकारी नोंदीत गैरहजर, आणि त्याचा जाब द्यायला मी! अजून आठवलं की डोकं ठणकतं. माणूस माझ्यासमोर उभा, हातात खडू, बाहीला पांढरी धूळ, मागे सहावीचा वर्ग पाढे ओरडतोय, आणि फोनवर त्यांच्या नावापुढे लाल फुली. मी म्हणायचे, "अहो सर, काहीतरी करा हो." ते म्हणायचे, "मी शाळेत आहे ना? मग अजून काय करू?" आणि चालले वर्गात.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. तशी गरजही नाही. त्या काळी सिंधीपुऱ्यात कोणालाही 'फोन उघडणारे सर' एवढंच विचारलं असतं तरी घरापर्यंत नेऊन सोडलं असतं. आता ते रिटायर होऊन लेकीकडे खंडव्याला असतात, म्हणजे तिथल्या लोकांचे फोन धोक्यात आहेत.

आमची मराठी माध्यमाची सरकारी शाळा, पण हिंदी राज्यात, जुन्या गावात. पाठीमागे पॉवरलूमचा खडखडाट, त्यामुळे आम्ही सगळेच घसा ताणून बोलतो, घरीसुद्धा. कायम शिक्षक दोनच. गणित-विज्ञान सरांकडे, बाकी सगळं माझ्याकडे. दोन कायम शिक्षक असतील तरच मराठी वर्ग चालणार, नाहीतर मुलं रस्त्यापलीकडच्या हिंदी शाळेत, असा खात्याचा हिशेब. हिंदी आमच्या पोरांना येतेच, बाजारात दुसरं काय बोलतात? पण मराठी लिहा-वाचायला शिकवणारी आसपास ही एकच शाळा उरली होती. म्हणून मी मुठीत जीव धरून ते दोन शिक्षक सांभाळायची. म्हणजे एक मी स्वतः, आणि दुसरे हे.

खरं तर मुख्याध्यापकाचा चार्ज त्यांच्याकडे जायचा, ते सिनियर. पण त्यांनी अर्जात लिहून दिलं की मला चाव्या सांभाळायला देऊ नयेत, मी कुलपं लावणार नाही. साहेबांना वाटलं मास्तरांचं वय झालं, आणि तो चार्ज पडला माझ्या गळ्यात.

कुलूप हा शब्द ऐकला तरी त्यांच्या कपाळाला आठी. घराला नुसती कडी. स्कूटरची चावी स्कूटरलाच. विकत आणलेली वस्तू आधी खोलून आतून बघायची, मग वापरायची, हा नियम. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा पेचकस कायम. त्यांच्या मिसेस, आम्ही काकू म्हणायचो, त्या एकदा मला म्हणाल्या, "बाई, नवा मिक्सर आणला तर आधी यांनी उघडला. मग मी चटणी वाटली. चटणी लागली खमंग, पण दाताखाली स्क्रू आला." मी हसले. काकू नाही हसल्या.

आणि फोन! फोन बंद कुलपात येतो हे त्यांना कळलं त्या दिवसापासून त्या माणसाला चैन नाही. चहाच्या टपरीवर, केळीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, शेजारी जो बसेल त्याला पहिला प्रश्न, "हा फोन कोणाचा?" तो बिचारा म्हणायचा, माझा. "मग चावी कोणाकडे?" शाहपूरचा एक केळीचा व्यापारी घाबरून खरंच खिसे चाचपायला लागला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला त्यांनी मधल्या सुट्टीत समजावून सांगितलं, मी विचारलं नसताना. "बाई, फोन चालू केला की आत सगळ्यात आधी एक दारवान जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो बघतो, आत आलेलं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना? दुसऱ्या कोणाचं असलं तर दारातूनच परत. आता सांगा, घर तुमचं, पैसे तुमचे, आणि दारवान कंपनीचा. चालेल तुम्हाला?"

"मला चालेल," मी म्हणाले. "माहेरी फोन लागला म्हणजे झालं."

"याच्यामुळेच," ते म्हणाले, आणि डबा बंद करून उठले. याच्यामुळेच काय, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पण माझाही फोन तेव्हा असा मंद झाला होता की एक फोटो उघडेपर्यंत कुकरची शिट्टी व्हायची. सर मागेच लागले. "कंपनीला तुम्हाला नवा विकायचाय म्हणून ह्याची नवी सॉफ्टवेअरं बंद केली. फोन धडधाकट आहे. द्या इकडे." जगभरातले हौशी लोक अशा जुन्या फोनांसाठी फुकटात सॉफ्टवेअर बनवतात म्हणे, ते आत घालायचं. त्यासाठी आधी कुलूप उघडायची परवानगी कंपनीकडेच मागायची, आणि कंपनी म्हणते, आठवडाभर थांबा, नीट विचार करा. तो आठवडा सरांनी माझा पिच्छा पुरवला. प्रार्थनेच्या वेळी, मुलं 'सावधान'मध्ये उभी असताना, हळूच विचारायचे, "केला का विचार?" माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा मला इतक्या वेळा कोणी विचारलं नव्हतं.

मग तो दिवस आला. स्टाफरूमच्या टेबलावर लॅपटॉप, वायर, आणि माझा फोन ऑपरेशनला झोपवल्यासारखा. कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं, फोटो काढून ठेवा, हे त्यांनी मला बजावून बजावून सांगितलं होतं, त्या बाबतीत माणूस चोख. खोटं कशाला बोलू, फोन नव्यासारखा पळायला लागला. फक्त चालू करताना दर वेळी उघड्या कुलपाचं चित्र आणि खाली इंग्रजीत धमकी, की ह्या फोनवर विश्वास ठेवू नका. माझ्या सासूबाईंनी ते बघितलं आणि विचारलं, "हे काय गं, चोरीचा घेतला का?" वर बँकेचं अॅप उघडेना. मी सरांवर उखडले. ते शांत. "बँक घाबरते. तिला वाटतं, मालकाच्या हातात चावी आली म्हणजे चोरी होणारच." मी म्हटलं, बँकेचं दुःख तुम्ही समजून घ्या, रांगेत मी उभी राहते.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! त्या हौशी लोकांच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषाही आपल्याला बदलता येते. सरांनी स्वतःचा, केव्हाच उघडलेला फोन मराठीत लावला आणि वाचून दाखवायला लागले, "अद्यतनित करा. संकालन प्रलंबित आहे." मग माझ्याकडे बघून, "हे कोण बोलतं, बाई? ही तर तहसीलची नोटीस झाली." आणि तो सगळा कारखाना उचलून नेला सहावीच्या वर्गात.

फळ्यावर एक शब्द लिहायचा आणि पोरांना विचारायचं, हे तुझ्या घरी कसं म्हणशील? डिलीटला 'पुसून टाक'. सायलेंटला 'गुपचूप बस'. रीस्टार्टला 'झोपून ऊठ'. बॅटरी संपत आली की 'भूक लागली'. विमानातला मोड, तो लावला की फोन कोणाशीच बोलत नाही, त्याला बहादरपूरच्या एका मुलीनं सांगितलं 'रुसला'. नेटवर्क शोधताना काय म्हणेल? सगळा वर्ग एका सुरात, "शोधून राहिलो!" सरांनी ते जसंच्या तसं फोनात घातलं. मी दारात उभी राहून ओरडले, "सर, तिमाही परीक्षा तोंडावर आलीय, अपूर्णांक कधी शिकवणार?" तर म्हणे, "शिकवले. तीन चतुर्थांश बॅटरी गेली की भूक लागते, हे पोरांनीच ठरवलं."

पण मधल्या सुट्टीत तीच पोरं त्या फोनभोवती घोळका करून 'भूक लागली' कधी येतं त्याची वाट बघायची. आलं की टाळ्या. ज्या पोरांना पुस्तकातलं एक पान वाचायला दरडावावं लागायचं, ती फोनातली पाटी न पाटी वाचून काढायची, कारण ती त्यांनी लिहिलेली होती. हे मला दिसत होतं. मी त्यांना बोलून दाखवलं नाही, नाहीतर त्यांनी सातवीही पळवली असती.

आणि मग आलं ते हजेरीचं अॅप. हुकूम असा की आता वहीतली सही चालणार नाही. शिक्षकानं शाळेच्या आवारात उभं राहून आपल्या फोनवर चेहरा दाखवायचा, तरच हजर. पहिल्या दिवशी माझ्या उघड्या फोनवर ते अॅप लागलं नाही. त्याच संध्याकाळी मी नवा फोन आणला. सरांनी दुसऱ्या दिवशी तो पाहिला आणि हात पुढे केला, "बघू."

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं.

त्यांच्या फोनवर अॅपनं लिहिलं, 'यह डिवाइस सुरक्षित नहीं है', आणि बंद पडलं. सरांनी ते नीट वाचलं, म्हणाले, "त्याच्या लेखी नसेल. माझ्या लेखी आहे," आणि गेले शिकवायला. झाली पहिली फुली.

मी काय काय नाही सुचवलं! म्हटलं, हजेरीपुरता एक साधा फोन घ्या. तर, "हजेरीसाठी वेगळा फोन ठेवायचा, तर हजेरीसाठी वेगळा मास्तरही ठेवा." म्हटलं, माझ्या फोनवर लावा. तर त्या अॅपला एका फोनवर एकच चेहरा पाहिजे. मग मला कळलं की फोन उघडा आहे हे अॅपपासून लपवता येतं, आणि ती युक्ती सरांना येते. मी हातच जोडले. "मग लपवा ना, देवा!" सर असे काही माझ्याकडे बघायला लागले की जसं मी त्यांना कॉपी करायला सांगितली. "का लपवू? मी चोरी केली का?"

"अहो, पण तुम्ही रोज गैरहजर लागताय!"

"मी हजर आहे. खोटं अॅप बोलतंय. तर सुधरायचं कोणी?"

आता ह्या माणसाचं काय करायचं? रागानं माझा चहा गार व्हायचा.

एक दिवस खात्याचे साहेब तपासणीला आले. हातात टॅब. वर्गाच्या दारात उभे राहिले, आत सर लसावि शिकवतायत. साहेबांनी टॅब पाहिला, सरांना पाहिलं, परत टॅब पाहिला.

"मैडम, ये तो यहीं खड़े हैं."

"जी सर."

"लेकिन सिस्टम में तो ऐब्सेंट हैं."

"जी सर."

"तो मैं क्या मानूँ?"

आतून फळ्याकडे तोंड करूनच उत्तर आलं, "आँख को मानिए साहब, आपकी खुद की है." पोरं खिदळली. साहेब माणूस वाईट नव्हता, बाहेर येऊन मला हळू आवाजात म्हणाला, "मैडम, मैं मान भी लूँ, तो ऊपर वाला कागज़ नहीं मानेगा. समझाइए इनको."

ऊपर वाला कागज आला महिना संपायच्या आत. मजकूर असा की सदर शिक्षक सतत गैरहजर असल्यामुळे पद रिकामं धरण्यात येईल, आणि मराठी वर्ग समोरच्या शाळेत मिळवण्यात येतील. अॅपवर हजेरी लावायची मुदत शनिवारपर्यंत. मी तो कागद सरांच्या टेबलावर आपटला.

"वाचा. तुम्ही तुमच्या दारवानाशी भांडत बसा. इकडे ही पोरं हिंदी शाळेच्या मागच्या बाकावर जाऊन बसणार आहेत. मराठी कोणाकडे वाचणार ती? तुमच्या फोनकडे?"

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मी त्यांच्या घरी जाऊन काकूंना सांगितलं, त्यांनी डोक्याला हात लावला. "मी बोलून बोलून थकली वं माय. तुमचं तरी ऐकतात का बघा." माझं ऐकत असते तर मी तिथे गेले असते का?

शनिवारी सकाळी समोरच्या शाळेतून एक बाबू आला, मापाची टेप घेऊन. आमचे बाक त्यांच्या खोलीत बसतात का ते बघायला. अजून मुदत संपली नव्हती, माणसं जिवंत होती, आणि हा माप घ्यायला आला! मी व्हरांड्यात त्याच्यावर तोंड सोडणार तेवढ्यात तो सरळ सहावीच्या वर्गात शिरला. टेपचं दुसरं टोक धरायला त्याला कोणी सापडेना. सरांनी खडू ठेवला आणि टोक धरलं.

"सर!" मी ओरडले.

"माप चुकायला नको," ते म्हणाले. आणि बाबूला, "ये बीच का पटिया झुका है, इधर से लो." असा माणूस! स्वतःच्या वर्गाची मोजणी, आणि त्यातही ह्यांना अचूकपणा पाहिजे. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

बाबू मागच्या रांगेकडे गेला आणि मुलांना म्हणाला, "उठो बेटा, बेंच देखना है." पोरं उठली. सगळीच उठली, पुढचीसुद्धा, आणि दप्तरं पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी हसत नव्हतं, कोणी काही विचारतही नव्हतं. सर टेपचं टोक धरून त्यांच्याकडे बघत राहिले. बाबू दोनदा म्हणाला, "छोड़ दो गुरुजी, हो गया." तेव्हा कुठे त्यांनी टोक सोडलं.

बाबू गेला. मुलांना परत बाकावर बसवून, काही गणितं घालून, सर स्टाफरूममध्ये आले आणि त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. मी समोरच्या खुर्चीत बसले.

कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर आधी परत घालायचं, आणि मगच कुलूप लावायचं. उलट केलं तर फोन कायमचा मरतो, हे त्यांनी तशातही मला समजावून सांगितलं. सवयच ती.

"आणि पोरांचे शब्द?" मी विचारलं.

"लॅपटॉपवर आहेत."

"मग परत घाला ना नंतर."

"कुलूप लावल्यावर कसे घालणार, बाई? तेच तर इतके दिवस सांगत होतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

फोनच्या पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, कुलूप लावायचं का. उघडायला कंपनीनं आठवडा बसवून ठेवलं होतं, लावायला एक बटण. सरांचा अंगठा त्यावर नुसता ठेवलेला. आणि मी, जी इतके दिवस ह्याच गोष्टीसाठी गळा काढत होते, मला मनातून वाटलं, भांडा हो, एकदा भांडा माझ्याशी, म्हणा की नाही लावत जा. पण शनिवार होता, आणि भिंतीला टेकलेली पोरं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"दाबा सर," मी म्हटलं.

दाबलं. पडदा काळा झाला, मग कंपनीचं नाव आलं. मग कर्जाची जाहिरात, मग पत्त्यांच्या खेळाची. मग 'अद्यतनित करा'. सरांनी एकेक जाहिरात गप्प बाजूला सारली, हजेरीचं अॅप लावलं आणि उठून आवारात लिंबाखाली गेले. मी मागोमाग.

अॅप उघडलं. ह्या वेळी बंद पडलं नाही. पडद्यावर एक गोल आला, 'चेहरा गोले में रखें'. सरांनी फोन समोर धरला. मग नवी सूचना, 'पलकें झपकाएँ'. कोणी नुसता फोटो दाखवून फसवू नये, समोर जिवंत माणूस आहे हे कळावं, म्हणून एकदा पापण्या मिटायला लावतात.

सर तसेच उभे, डोळे उघडे. फोननं परत विचारलं, 'पलकें झपकाएँ'.

"सर, डोळे मिटायचेत. एकदाच," मी म्हटलं.

"माहीत आहे."

आणि तरी मिटेनात! तिसऱ्यांदा सूचना आली. माझा संताप झाला, म्हटलं आता इथे येऊनसुद्धा हट्ट? फोन हिसकावून घ्यावा म्हणून मी पुढे झाले आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे काठोकाठ भरले होते. माणूस पापणी मिटत नव्हता तो एवढ्याचसाठी.

मग मिटली. दोन्ही गालांवरून पाणी ओघळलं, त्याच क्षणी फोननं टिंग केलं आणि हिरवी खूण आली, 'उपस्थिति दर्ज हुई'.

सरांनी फोन खिशात टाकला. तोंडही पुसलं नाही, तसेच सहावीच्या वर्गात गेले. पोरांना घातलेली गणितं तपासायची होती. आमचे वर्ग वाचले, ते अजून चालू आहेत. मी मात्र लिंबाखाली कितीतरी वेळ उभी होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या माणसावर चिडता येत नव्हतं.